बांध जिथे संपतो

माझी आई पुरात गेली असं आमचे नातेवाईक सांगतात. मी दर वेळी त्यांना अडवते. पुरातून ती वाचली होती. तिला बांधाने मारलं, आणि बांध काही आपण होऊन कोणाच्या अंगावर जात नाही, त्यामागे कुदळ धरणारे हात असतात. लग्नाकार्यात हा विषय निघाला आणि मी तोंड उघडलं की माझा धाकटा भाऊ वामन हळूच पानाच्या तबकाकडे सरकतो. "ताई, आता किती वर्षं झाली," म्हणतो. झाली असतील. वामन तेव्हा लहान होता, त्याला आईचा चेहराही नीट आठवत नाही. त्याला क्षमा करणं परवडतं. मला आईचा चेहराच काय, तिची शिवीसुद्धा आठवते.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथे आता त्या लोकांची नातवंडं राहतात आणि त्यातली एकदोन मला भेटली की वाकून नमस्कार करतात. अकोला जिल्ह्यातलं, पूर्णेच्या काठचं गाव, एवढं पुरे. आमचा तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा करावा तर दूध फाटतं. त्यामुळे पिण्याच्या पाण्यासाठी सगळं गाव नदीच्या जिवावर. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरे करायचे. हातभर खड्ड्यात गोडं पाणी हळूहळू जमतं, ते वाटीवाटीने घागरीत भरायचं. गावाचे झिरे वरच्या अंगाला, आमचे खालच्या अंगाला. वाळूखालून वाहणाऱ्या पाण्यालासुद्धा गावाने जात शिकवून ठेवली होती. घागर भरायला अर्धी सकाळ जायची आणि तेवढ्या वेळात आई शेजारणींशी बोलून घ्यायची, भांडून घ्यायची आणि पुन्हा गोडही व्हायची.

आमची वस्ती गावाच्या खालच्या टोकाला, कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे, नदीच्या वळणात होती. घर मातीचं, वर कवेलू, पुढे लिंबाचं झाड. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की पहाटे भोंगा व्हायचा आणि मग दिवसभर यंत्रांचा घर्र आवाज. त्या आवाजात वाढलेली आम्ही मुलं इतकी मोठ्याने बोलायचो की पुढे अमरावतीच्या वसतिगृहात मुली मला विचारायच्या, तू नेहमी भांडतच असतेस का? आई हंगामात तिथे रुईतला कचरा वेचायला जायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. आल्या आल्या चूल. ज्वारीच्या कण्या, वर ताक. नाही तर अंबाडीची भाजी, तिच्यात कच्चं तेल आणि तिखट, आणि परातीएवढी भाकर. भाकर थापताना ती बोलत राहायची आणि बोलण्याचा जोर वाढला की भाकरही पातळ होत जायची. शेजारची शेवंताकाकू म्हणायची, सखूच्या घरची भाकर पातळ झाली की समजावं, आज कोणाचं तरी काही खरं नव्हतं.

बाबा जवळच्या गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. ते आधी गावाचे येसकर होते. मेलेलं ढोर ओढायचं, मयताची खबर परगावी न्यायची, पोळ्याला आणि मिरवणुकीला डफडं वाजवायचं, सरकारी दवंडी द्यायची, ही आमच्या घराची पिढीजात कामं. पावसाळ्यात नदी फुगली की काठावर उभं राहायचं आणि पाणी चढू लागलं की डफडं बडवत वस्तीत, बाजारात, सगळीकडे खबर द्यायची, हेही आमचंच काम. याच्या बदल्यात शिळी भाकर आणि पसाभर धान्य. मग आबाजी आणि बाबा नागपूरला गेले, लाखो लोकांबरोबर धम्म घेऊन परत आले, आणि ही सगळी कामं एका दिवसात बंद झाली. आबाजींनी डफड्याचं चामडं सुरीने कापून नदीत सोडलं. लाकडी कडं चांगलं होतं, ते आईने पाण्याचा माठ ठेवायला घेतलं. "इतके वर्सं यानं आपल्याले नाचवलं," ती म्हणाली, "आता बस म्हणा खाली."

गावाला हे रुचलं नाही. पण उघड मारहाण वगैरे झाली नाही. आमच्या गावाची रीत तशी नव्हती. आमच्या गावाची रीत गोड बोलण्याची होती. दुकानदार म्हणायचा, मीठ संपलं. चक्कीवाला म्हणायचा, पट्टा तुटला. आणि पाटील म्हणायचे, पाहू. पाटील काही राक्षस नव्हते. बाबा लहान असताना त्यांना पाटी त्यांनीच घेऊन दिली होती आणि ते ती गोष्ट दर दोन महिन्यांनी सांगायचे. राक्षस असते तर मला त्यांचा एवढा राग आला नसता.

त्याच सुमाराला एका पावसाळ्यात नदीचं पाणी बाजाराच्या मैदानात आणि जिनिंगच्या आवारात शिरलं. मूळ गाव उंचावर होतं, तिथे पाणी कधी चढलेलं नव्हतं. पण जिनिंगच्या मालकाची, शेठची, गुदामातली सरकी भिजली, कुजली, तिचा वास दिवाळीपर्यंत राहिला. मग बांध घालायचं ठरलं. थोडा पैसा सरकारचा, थोडा शेठचा, बाकी श्रमदान. ओव्हरसिअर आला, त्याने खुंट्या ठोकल्या. खुंट्यांची ओळ देवळापासून निघून नदीकाठाने जिनिंगपर्यंत, तिथून पुढे आमच्या वस्तीला वळसा घालून पार पांदीपर्यंत, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटेपर्यंत, गेली होती. आम्ही मुलं त्या खुंट्यांवरून उड्या मारायचो. वस्तीतली बायामाणसं पहिल्या दिवसापासून कामाला लागली. वैशाखातलं ऊन, पायाखाली तापलेली काळी माती, डोक्यावर टोपलं. माती खणायला जागा कोणती निवडली, तर आमच्याच वस्तीची कड. तिथे मोठमोठे खड्डे पडले. आबाजी कुरकुरले, पण आई म्हणाली, "पडू द्या. बांध झाला का पाणीच येत नाई, खड्ड्याचं काय घेऊन बसले?" तिने त्या बांधावर टाकलेली माती कोणी मोजली नाही आणि मीही मोजलेली नाही. पण बांधाचा देवळापासूनचा निम्मा भाग आमच्या लोकांच्या मानेवरून गेला होता हे मी शपथेवर सांगते.

बांध जिनिंगच्या कोपऱ्याला पोचला आणि एके सकाळी पाहतो तर पुढच्या खुंट्या नाहीत. उपटून लिंबाखाली रचून ठेवल्या होत्या, सरपणासारख्या. बांधाची आखणी तिथेच आत वळवून जिनिंगच्या मागच्या बाजूला नेली होती. म्हणजे आमच्या वस्तीकडे आता बांधाची पाठ. पाटील खाटेवर बसले होते, शेजारी जिनिंगचा मुनीम. आई टोपलं डोक्यावर तसंच ठेवून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागेच होते.

"पाटील, खुट्या कोणं उपटल्या?"

"मीच सांगतलं उपटाले. पैसा सरला, सखू. मंजूरच एवढं व्हतं."

"आमचं टोपलं तं फुकटचं हाय. त्याले कोणता पैसा लागते? खुट्या ऱ्हाऊ द्या तिथं. आमी आमच्या हातानं माती टाकतो."

पाटलांनी मुनीमाकडे पाहिलं. मुनीम बोलला. "अवं, गावाचा बांध हाय हा. तुमी गावकी सोडली. ढोर ओढत नाई, डफडं वाजवत नाई. गावाचं काम नाई पायजे, मंग गावाचा बांध कावून पायजे?"

"काम नाई सोडलं, घाण सोडली," आई म्हणाली. "अन् माती तं आमच्या दारची खंदून नेली न तुमी? ते वापस द्या मंग."

भोवतीचे चारसहा जण हसले. पाटीलसुद्धा किंचित हसले, जाणत्या माणसाने पोरासोरांच्या बोलण्याला हसावं तसे. आईने डोक्यावरचं टोपलं त्यांच्या खाटेच्या पायाशी पालथं केलं आणि घरी आली. त्या दिवशीच्या भाकरी कागदासारख्या होत्या. पुढे बाबांनी तहसिलीत खेटे घातले. ओव्हरसिअर बाबांना चहा पाजून म्हणाला, मास्तर, गावाने ठराव केला आहे, मी काय करणार. गावाच्या ठरावात आमचं गाव नव्हतं.

इथे थोडी आजची गोष्ट सांगते, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारी उगाच जुनी मढी उकरते आहे. माझा मुलगा मुंबईपलीकडे खाडीकाठच्या एका सोसायटीत राहतो आणि मीही आता त्याच्याकडेच असते. समुद्र वर येतो आहे हे आता तिथल्या वॉचमनलाही ठाऊक आहे. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी पार्किंगमध्ये येतं, गाड्यांची चाकं बुडतात. म्हणून सोसायटीने भिंत बांधायची ठरवली. सभा भरली, एका तरुण इंजिनिअरने पडद्यावर नकाशा दाखवला. भिंत आमच्या कंपाउंडच्या कडेने जाते आणि कोळीवाड्याच्या अलीकडे थांबते. मी हात वर केला. म्हटलं, तुम्ही अडवलेलं पाणी भिंत संपते तिथून कुठे जाणार? तो म्हणाला, "आजी, तो भाग आपल्या हद्दीत येत नाही." मी म्हटलं, बरं, आणि भरतीच्या वेळी पाऊस पडला तर आतलं पाणी बाहेर कसं काढणार? "पंप आहेत." आणि समुद्र अजून वर आला तर? "भिंत वाढवू." लोक हसले. माझ्या मुलाने मान खाली घातली. घरी आल्यावर म्हणाला, "आई, तुझं गाव वेगळं, हे वेगळं." त्याचं बरोबर आहे. आमच्या गावात इंजिनिअरच्या हातात नकाशा नव्हता, खुंट्या होत्या.

आता तो पूर. श्रावण संपत आला होता, पोळा तोंडावर होता. चार दिवस पाऊस धरून बसला होता आणि पाचव्या दिवशी दुपारी पूर्णा फुगली. पूर आम्हाला नवा नव्हता. पूर्वी पाणी यायचं ते बाजाराच्या मैदानात, जिनिंगच्या आवारात, पांदीत असं सगळीकडे पसरून यायचं. आमच्या अंगणात गुडघाभर चढायचं, चुली विझवायचं आणि जायचं. आम्ही पोतं-पासोडी माळ्यावर टाकून उंबऱ्यावर बसून राहायचो. या वेळी पाण्याला पसरायला जागाच ठेवलेली नव्हती. सगळं पाणी बांधाला घासत खाली आलं आणि कोपऱ्यावर वळून आमच्यावर. बांधासाठी खणलेले खड्डे आधी भरले, मग अंगण आणि खड्डा यातला फरक दिसेनासा झाला. शेवंताकाकूची शेळी आमच्या डोळ्यांदेखत अंगणातून चालता चालता नाहीशी झाली, तेव्हा आईने वामनला उचललं आणि ओरडली, "निंगा, सगळे निंगा, काई घेऊ नका."

सगळ्यात जवळची उंच जागा म्हणजे जिनिंगची गुदामं. पक्की, विटांची, कमरेएवढ्या जोत्यावर बांधलेली. आणि पूर्ण रिकामी. कापूस दिवाळीनंतर येतो हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सरकीही शेठने आधीच्या पुरानंतर तिथे ठेवणं बंद केलं होतं. सगळी वस्ती फाटकाशी जमली, म्हाताऱ्यांना खाटेवर उचलून आणलेलं, कोणाच्या काखेत कोंबडी. बांधावर मुनीम छत्री घेऊन उभा होता. बाबांनी हात जोडले. बाबांनी हात जोडलेले मी एरवी फक्त वंदनेच्या वेळी पाहिले होते.

"मुनीमजी, फाटक खोला. रातभर ऱ्हातो, सकाळी निंगून जातो. लेकरं हायेत."

"मास्तर, माया हातात असतं तं खोललं नसतं काय? शेठ अमरावतीले हायेत. त्याइच्या शब्दाबिगर कुलूप काढता येत नाई."

"आत हाय काय पण?" आई ओरडली. "रिकामंच तं हाय सगळं."

"रिकामं असलं तरी मालकीचं हाय," मुनीम म्हणाला.

हे वाक्य मी पुढे कायद्याच्या पुस्तकांत निरनिराळ्या भाषेत वाचलं. मुनीमाइतकं स्वच्छ कोणीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी त्या बांधाने काय राखलं, तर रिकामी गुदामं, थंड बॉयलर आणि बाजाराचे ओले ओटे. त्यासाठी आम्ही कंबरभर पाण्यातून मागे वळलो आणि मूर्तिजापूरच्या सडकेच्या भरावावर जाऊन बसलो. तिथून आम्ही आमची घरं बसताना पाहिली. मातीचं घर पडत नाही, बसतं. खाली भिंत भिजते आणि कवेलू हळूहळू खाली येतात, दमलेला माणूस भिंतीला टेकून बसावा तसे. आमचं घर मात्र उभं राहिलं. आबाजींनी त्याच्या पायात दगड घातले होते. आई दर थोड्या वेळाने म्हणायची, "हाय अजून. उभं हाय." मला आता वाटतं, पडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि नदी झपाट्याने उतरली. दुपारपर्यंत वस्तीत नुसता चिखल उरला. पण बांधाच्या आत वेगळंच झालं होतं. गावामागून एक नाला येऊन नदीला मिळायचा. बांध घालताना त्या नाल्याच्या तोंडावर सिमेंटचा एक नळ टाकला होता, आतलं पाणी बाहेर जायला. पुरात तो नळ ज्वारीच्या धांड्यांनी, बाभळीच्या काट्यांनी आणि चिखलाने गच्च बसला. चार दिवसांचं नाल्याचं पाणी आत अडकलं. नदी उतरली तरी बाजाराच्या मैदानात आणि जिनिंगच्या आवारात तलाव भरलेला. ज्या पाण्यापासून वाचायचं म्हणून बांध घातला, ते बाहेरून आलं नाही, मागच्या दाराने आलं आणि बांधानेच ते धरून ठेवलं. यावर हसायला हवं होतं. आमच्या लोकांनी सडकेवर बसून थोडं हसूनही घेतलं. आबाजी म्हणाले, "पाटलानं शिंदीचं मडकं केलं न बाप्पा गावाचं. आतलं बाहेर जात नाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा मिळेल त्या ट्रकने अकोल्याला गेले, साहेबांना सांगायला की धान्य पाठवा, ताडपत्र्या पाठवा. आई, शेवंताकाकू आणि आणखी काही बाया खाली वस्तीत गेल्या. घरातला गाळ ओला आहे तोवर उपसला नाही तर तो दगडासारखा बसतो. आई निघताना मला म्हणाली, "कण्या लाव चुलीवर. मी चूल मोकळी करून आलीच. अन् वामनले पान्याकडं जाऊ देऊ नको." मी तीन दगड मांडले, ओलं सरपण पेटेना, फुंकून फुंकून डोळ्यांना पाणी आलं. मान वर केली तेव्हा मला जिनिंगच्या कोपऱ्यावर बांधावर चार माणसं दिसली. कुदळी होत्या. मला वाटलं, डागडुजी चालली आहे. आबाजींनाही तसंच वाटलं. पुरानंतर बांधावर कुदळ घेऊन माणसं गेली तर दुसरं काय वाटणार?

ते बांध फोडत होते. आतला तलाव रिकामा करायला. नदीच्या बाजूने फोडला असता तर पाणी सरळ नदीत गेलं असतं, पण त्या बाजूला दगडांचं पिचिंग होतं, शेठच्या पैशाचं, ते उचकटायला मेहनतही होती आणि नुकसानही. आमच्या बाजूला नुसती काळी माती होती, आईने आणि तिच्यासारख्यांनी टाकलेली. चार दिवस भिजलेली काळी माती. त्यांनी हातभर चर काढला असेल, त्यातून पाणी सुटलं आणि मग मातीने दम धरला नाही. अख्खा कोपराच गेला. मी आवाज ऐकला, पण तो पाण्याचा वाटला नाही, बैलगाडी पुलावरून गेल्यासारखा वाटला. चार माणसं बांधावरून मागे पळाली. आणि तो सगळा तलाव एका दमात वस्तीवरून गेला. शेवंताकाकू अंगणात होती, तिने लिंबाला मिठी मारली, ती वाचली. आई घरात चुलीशी वाकलेली होती. पुराने जे घर पाडलं नाही ते या पाण्याने पाडलं.

आई संध्याकाळी सापडली, पांदीतल्या बाभळीपाशी. तिच्या हातावर कोपरापर्यंत चुलीचा गाळ होता, तो तेवढ्या पाण्यानेही धुतला गेला नव्हता. बाबा अकोल्याहून आले तेव्हा तिला सडकेवर खाटेवर ठेवलं होतं. ते ट्रकमधून उतरताना मोठ्याने सांगत होते की साहेब भेटले, धान्य येतंय.

बांध फोडायची घाई कशाची होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळा बाजाराच्या मैदानात भरतो. तिथे तोरण बांधतात, पाटलाचे बैल पहिले उभे राहतात, मग बाकीच्यांचे. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा, त्याची जागाही ठरलेली, आणि ती जागा पाण्याखाली होती. म्हणून मैदान मोकळं केलं. आणि पोळा भरला. आम्ही आईला माती देऊन सडकेवर परतलो तेव्हा खालून वाजंत्री ऐकू येत होती. आमच्या लोकांनी वाजवायचं सोडल्यापासून गाव पोळ्यासाठी परगावहून वाजवणारे आणायचं. ते पुराच्या आधीच आलेले होते आणि पावसामुळे देवळाच्या ओसरीत मुक्काम टाकून होते. बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली होती, अंगावर झुली होत्या. वामनने मला विचारलं, आपण बैल पाहायला जायचं का? मी त्याला मारलं. पुढे बरीच वर्षं पोळ्याच्या दिवशी आमच्या घरात पुरणपोळी झाली नाही, आणि अजूनही मला तो वास आला की उठून खिडकीशी जावं लागतं.

पाटील भेटायला आले ते आठवड्याने. आम्ही तेव्हा सडकेवरच ताडपत्रीखाली राहत होतो. ते एकटे आले, उभेच राहिले, बसा म्हणायला जागाही नव्हती. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि ते खरं होतं, हे मला मान्य करावं लागतं. म्हणाले, सखू बोलायले तिखट व्हती, पण मनानं साफ व्हती. म्हणाले, कोणाच्या मनात तसं नव्हतं. बाबा ऐकत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं:

"पाटील, चौघं व्हते न तिथं? बांध फोडाच्या आधी एकानं तरी वस्तीत खबर द्याची."

पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. खरोखर अडचणीत पडलेला माणूस बोलतो तसे ते हळू बोलले. "मास्तर, खबर द्याले पायजे व्हती, हे बरोबर हाय. पण द्याची कोणं? दवंडी देणं, हाकारा करनं, आमच्यात कोणी करत नाई. कोणाले सांगतलं असतं तं त्याले कमीपणा वाटला असता. ते काम तं तुमचंच व्हतं. तुमी सोडलं."

त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते टोमणा मारत नव्हते, कारण सांगत होते. सगळ्या गावात, ओसरीत वाजवणारे बसलेले असताना, चार धट्ट्याकट्ट्या माणसांना खाली जाऊन "बायांनो, बाजूला व्हा" एवढं सांगणं जमलं नाही, कारण ते सांगणं महाराचं काम होतं.

बाबा म्हणाले, "बरोबर हाय पाटील. ते काम आमचं व्हतं. म्हणूनच सोडलं."

पाटलांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि ते गेले. बाबांचं हे उत्तर आमच्या समाजात पुढे खूप गाजलं. अकोल्याला आम्ही राहायला गेल्यावर लोक ते एकमेकांना सांगायचे, बाबांच्या शोकसभेतही दोघा वक्त्यांनी ते सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. मला ते उत्तर तेव्हाही पुरलं नव्हतं आणि आजही पुरत नाही. इतकं शहाणं उत्तर द्यायला बाबांना सुचलं कसं, याचाच मला राग येतो. त्यांनी पाटलाचं पागोटं चिखलात फेकायला हवं होतं. त्यांनी त्या चौघांची नावं विचारायला हवी होती. आणि दवंडीचं कारण त्यांनी मान्यच करायला नको होतं, कारण दवंडीची तिथे गरजच नव्हती. जिनिंगच्या त्या कोपऱ्यापासून आमचं दार हाकेच्या अंतरावर होतं. हंगामात मजुरीला बाया कमी पडल्या की याच कोपऱ्यावर उभं राहून मुनीम, पाटलांचे गडी, कोणीही ओरडायचं, "सखू, ये वं सखू," आणि माझी आई तव्यावरची भाकर तशीच टाकून पदर खोचत धावत जायची. कामाला बोलावताना त्यांना कधी दवंडी लागली नव्हती.